क्लायमेटची चांगली बातमी हसवत सांगायचीय: स्टँडअप, बतावणी की रील?

गणपतीत किंवा गॅदरिंगला पर्यावरणावर काहीतरी करा म्हटलं की हमखास एक रडकं पथनाट्य बसवतात, शेवटी झाड मरतं आणि पब्लिक वडापावच्या गाडीकडे वळतं. चांगल्या बातम्याही आहेत की! त्या हसवत सांगायच्या तर काय निवडायचं हे समोर कोण बसलंय त्यावर आहे.

शहरात, सोसायटीच्या कार्यक्रमाला स्टँडअप बरं. विषय घरचाच घ्या, पीएम सूर्यघर योजना. फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाली, घराच्या छतावर ३ किलोवॅट सोलर बसवलं की ७८,००० सबसिडी, सोसायटीच्या कॉमन लाईट-लिफ्टसाठी किलोवॅटमागे १८,०००. आकडे सांगून कोणी हसत नाही हो, हसू येतं ते जनरल बॉडी मीटिंगचं, म्हणजे गच्ची नक्की कुणाची, पापड कुठे वाळवायचे, आणि वरच्या मजल्यावरच्यांना फुकट सावली का मिळावी यावरचं भांडण. फक्त माईकवर एकटाच माणूस, त्याला अडवणारं कोणी नाही, त्यामुळे थोड्या वेळाने ते सोलर कंपनीची जाहिरात वाटायला लागतं.

गावात मात्र मी डोळे झाकून तमाशातली बतावणी घेईन. दोघं जण, एक शहाणा आणि एक फाटे फोडणारा सोंगाड्या, आणि सगळ्यात भारी डायलॉग सोंगाड्यालाच. पब्लिकच्या मनातली शंका तोच बोलून टाकतो, मग उत्तर द्यावंच लागतं. गाडगेबाबा कीर्तनात समोरच्यांनाच प्रश्न विचारून उत्तर त्यांच्याच तोंडून काढायचे, तीच ताकद इथे आहे.

आता बातमी घ्या सौर कृषी वाहिनी योजनेची, २०१७ पासूनची. शेतीपंपाची थ्री फेज लाईट बऱ्याचदा रात्रीची म्हणून लोक मध्यरात्री बॅटरी घेऊन दारं धरायला (पिकाला पाणी द्यायला) जातात, साप असतो, जुन्नरकडे बिबट्या. या योजनेत सबस्टेशनजवळ सोलर प्रकल्प टाकून शेतीच्या फीडरला (शेतांकडे जाणाऱ्या लाईनला) दिवसा वीज देतात.

"आता दिवसा पाणी, रात्री झोप!"
"आणि रात्री घराबाहेर पडायला बायकोला काय कारण सांगू?"
"तुझं तू बघ."
"बरं, ढग आले मग?"

इथे खरं उत्तर द्यायचं, की फीडर ग्रिडलाही जोडलेला असतो, पण नुसता सोलर पंप असेल तर ढगाळ दिवशी पाणी कमीच येणार. हे कबूल केलं की पुढचं सगळं पटतं.

रील स्वस्त, पोचते लांब, पण घाईत खोटं बोलून बसते. जून २०२५ मधे देशाच्या वीजनिर्मिती क्षमतेत कोळसा-गॅस-डिझेल सोडून बाकीच्यांचा वाटा ५० टक्के झाला, २०३० चं टार्गेट पाच वर्षं आधीच गाठलं, आणि लगेच 'अर्धा देश ग्रीन' अशी कॅप्शन टाकायचा मोह होतो. प्रत्यक्षात तयार होणारी बहुतेक वीज अजून कोळशाचीच. म्हणजे पटावर निम्मी नावं सूर्य-वारा-पाण्याची (आणि थोडी अणूची), पण वर्गात रोज हजर कोळसाच. हाच जोक रीलमधे घाला ना, बातमीही खरी राहते. नाहीतर रील नुसती कार्यक्रमाला गर्दी जमवायला वापरा.

आणि बतावणी ठरली तर सोंगाड्या गावातलाच घ्या, बाहेरून आणू नका. त्याच्या शेतात अजून दिवसाची लाईट पोचली नसेल तर उत्तमच, मनापासून चिडून बोलेल.