स्टुडिओसाठी जागा: पेठेतली खोली की धायरीचा गाळा?

पुण्यात चित्रकाराने जागा शोधताना आधी उजेड बघावा, भाडं नंतर. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात माडीवरच्या खोलीला उत्तरेची खिडकी असेल तर सोनंच. थेट ऊन येत नाही, रंग दिवसभर नीट दिसतात. आप्पा बळवंत चौक पायी गाठता येतो, रंगाची संपलेली ट्यूब तिथल्या दुकानातून लगेच आणता येते. पण अरुंद लाकडी जिन्यात सहा फुटी कॅनव्हास वळतच नाही, आणि टर्पेंटाइनच्या वासाने शेजारी वैतागतात.

धायरीतल्या गाळ्याचं शटर वर केलं की टेम्पो थेट दारात. ठोकाठोकीला कुणाची हरकत नाही. एप्रिलमध्ये पत्रा मात्र भयंकर तापतो.

शिल्पकाराने बेलाशक गाळा घ्यावा, जलरंगवाल्याने खोली. अकरा महिन्यांच्या करारात भिंतीला खिळे ठोकायची परवानगी लिहून घ्याच.