आरओ, यूव्ही की बिनविजेचा फिल्टर? मशीन बघण्याआधी नळाचं पाणी मोजा

आईच्या स्वयंपाकघरातला तो प्रयोग मला अजून आठवतो. विक्रेत्याने ओट्यावर दोन ग्लास ठेवले. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. दोन्हींत धातूच्या कांड्या बुडवून त्याने बटण दाबलं. मिनिटभरात नळाचं पाणी तांबूस-काळपट झालं, वर साका धरला. मशीनचं पाणी होतं तसंच राहिलं. तो म्हणाला, "काकू, हे तुम्ही रोज पिताय." आईने त्याच दिवशी 14,000 रुपयांचा आरओ, म्हणजे पाण्यातले क्षार गाळणारं मशीन, घेतला.

त्या ग्लासात दिसलेली घाण पाण्यातली नव्हती. त्या कांड्यांमध्ये एक लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचाच गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार नावापुरते असतात, म्हणून तिथे वीज फारशी वाहतच नाही. त्या स्वच्छ ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं असतं, तर तोही तसाच काळा झाला असता. आईचं घर पुण्यात पेठेत आहे, नळाला खडकवासल्याचं पाणी येतं. पुढे मी मीटर घेऊन पाण्यातले क्षार मोजले तेव्हा आकडा आला लिटरला 110 मिलिग्रॅम. त्या पाण्याला आरओची गरजच नव्हती.

हे सविस्तर लिहितोय, कारण घरात फिल्टर घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न "कोणत्या कंपनीचा?" हा असतो. तो शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, आपल्या पाण्यात नेमकं काय आहे. पाण्यात क्षार जास्त असणं आणि पाण्यात जंतू असणं ही दोन वेगळी दुखणी आहेत, त्यांची औषधंही वेगळी आहेत. विकणारा माणूस बहुतेक वेळा एकाची भीती घालून दुसऱ्याचं औषध विकतो.

आकडा काय सांगतो, काय सांगत नाही

टीडीएस मीटर दोन-अडीचशे रुपयांत मिळतो. तो टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांच्या प्रमाणाचा, अंदाज देतो. भारतीय मानक ब्यूरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस चांगला मानलेला आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्यावा असं म्हटलं आहे. राष्ट्रीय हरित लवादानेही 2019 मध्ये हाच 500 चा आकडा धरून, त्याखालच्या पाण्याला आरओ वापरू देऊ नये अशी भूमिका घेतली होती.

पण मीटरला जंतू दिसत नाहीत. आकडा 80 असलेल्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलेलं असू शकतं आणि 900 च्या पाण्यात एकही जंतू नसू शकतो. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू सापडला होता. तिथे भीती जंतूंची होती, टीडीएसची नव्हती. त्या जिवाणूला मारायला उकळी पुरते, यूव्ही म्हणजे अतिनील किरणांचा फिल्टरही पुरतो.

जंतूंसाठी एक सोपी चाचणी आहे. औषध घातलेली छोटी बाटली मिळते, तिला एचटूएस व्हायल म्हणतात. पाणी भरून ती दोन दिवस ठेवायची, काळी पडली तर पाण्यात मैल्याचा शिरकाव आहे असं समजायचं. फ्लोराइड, नायट्रेट यांसाठी मात्र प्रयोगशाळाच लागते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळा आहेत, तिथे थोडी फी भरून पाणी तपासून मिळतं. बोअरचं पाणी पिणाऱ्या प्रत्येकाने मशीन घेण्याआधी तो अहवाल हातात घ्यावा, असं मला कळकळीने वाटतं.

यूव्ही

यूव्हीच्या नळीतून 254 नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील किरण पाण्यावर पडतो आणि जिवाणू-विषाणूंची वाढ थांबते. पाण्याची चव, क्षार, रंग यांत काही बदल होत नाही. पाणी वाया जात नाही. दिवा साधारण 11 वॅटचा, त्यामुळे बिलात जाणवतही नाही. पुण्या-मुंबईत धरणाचं किंवा तलावाचं पाणी थेट पालिकेच्या नळाने येत असेल, तर माझी पसंती निःसंशय यूव्हीला. मशीन आरओपेक्षा स्वस्त असतं, आणि खरा फरक दर वर्षीच्या खर्चात पडतो, कारण आरओतला क्षार अडवणारा महागडा पडदा, म्हणजे मेम्ब्रेन, इथे बदलायचा नसतो.

त्याच्या उणिवाही ठाऊक हव्यात. पाणी गढूळ असेल तर मातीच्या कणाआड जंतू लपतात, किरण पोचत नाही. म्हणून पावसाळ्यात आधीचा धाग्याचा स्पन फिल्टर वेळेवर बदलावा लागतो. वीज गेली की काम बंद. दिवा निळा दिसतो म्हणजे तो जंतू मारतोच असं नाही, वर्षभराच्या वापरानंतर त्याची ताकद उतरते आणि तो बदलावा लागतो. शिवाय मशीनच्या आतल्या कार्बन फिल्टरने पालिकेचं क्लोरीन काढून टाकलेलं असतं, म्हणजे शुद्ध झालेल्या पाण्याला पुढे राखण उरत नाही. अशुद्ध हात किंवा न घासलेला माठ लागला की पाणी परत बिघडतं. मशीनमधलं पाणी त्याच दिवशी संपवावं, गावाला जाताना टाकी रिकामी करून जावं. आरओलाही हे तंतोतंत लागू आहे.

आरओ

आता माझं स्वतःचं घर. पुण्याच्या पूर्वेकडची सोसायटी, निम्मं पाणी बोअरचं, निम्मं टँकरचं. आकडा पावसाळ्यात 450, मे महिन्यात 850. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर, चहाच्या पातेल्याला कड, डाळ शिजता शिजत नाही. इथे यूव्ही लावला असता तर जंतू मेले असते, पण पाणी तसंच खारट-जड राहिलं असतं. इथे आरओच हवा आणि तो मी घेतला.

आरओचं मेम्ब्रेन 90 ते 95 टक्के क्षार अडवतं. 850 चं पाणी 60 वर येतं. फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक यांच्यावरही ते चालतं, हे त्याचं सगळ्यात मोठं बळ. किंमत आपण पाण्याने मोजतो. सर्वसाधारण घरगुती मशीन 1 लिटर शुद्ध पाण्यासाठी सुमारे 3 लिटर बाहेर टाकतं. चौघांच्या घराला पिण्या-रांधण्याला रोज 12 लिटर धरले तर 36 लिटर मोरीत जातात. वर्षाचे झाले 13,000 लिटरच्या वर, म्हणजे 10,000 लिटरचा एक टँकर आणि वर आणखी थोडं. आमच्या सोसायटीत 100 घरं आहेत. उन्हाळ्यात टँकरसाठी वर्गणी काढताना हा हिशेब मला टोचत राहतो. आता आमची ती नळी बादलीत सोडलेली आहे. लादी आणि भांड्यांचा पहिला हात त्यावर होतो. तुळशीला ते पाणी घालत नाही, कारण आत 850 असलेलं पाणी बाहेर पडताना 1100 च्या घरात गेलेलं असतं.

मशीनमध्ये टीडीएस कंट्रोलर नावाचा एक छोटा स्क्रू असतो, त्याकडे लक्ष द्या. तो फिरवला की मेम्ब्रेनला वळसा घालून आलेलं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतं, चव येते. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड किंवा नायट्रेट असेल, तर या वाटेने तेही ग्लासात परत येतं. यवतमाळ, चंद्रपूरच्या फ्लोराइडच्या गावांत हा स्क्रू बंदच हवा. अल्कलाइन, कॉपर, झिंक अशा नावांच्या वाढीव कांड्यांसाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत. कॅल्शियम आपल्याला दूध, नाचणी, भाजीतून मिळतं.

बिनविजेचा फिल्टर आणि उकळणं

वरच्या डब्यात पाणी ओतायचं, खालच्या डब्यात गाळून येतं. आत पोकळ धाग्यांची, अतिसूक्ष्म छिद्रांची जाळी असते, तिला यूएफ म्हणतात. जिवाणू तिच्यातून जात नाहीत, विषाणूंची मात्र खात्री देता येत नाही, आणि काविळीचा विषाणू त्यातलाच. काही फिल्टरमध्ये क्लोरीनची कांडी असते, ती विषाणूंनाही मारते. घेताना हे विचारूनच घ्या. भाड्याच्या खोलीत राहणारे विद्यार्थी, वीज भरवशाची नसलेली गावं, यांना हा फिल्टर फार सोयीचा. क्षार कमी होत नाहीत, एवढं लक्षात ठेवायचं.

उकळणं तर आजीच्या काळापासूनचं. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. पण रोज 10 लिटर उकळलं तर माझ्या हिशेबाने चार महिन्यांत एक सिलिंडर निव्वळ त्यात जातो. साथीच्या दिवसांत, तान्हं बाळ असताना उकळावंच. बारा महिने तेच करायचं तर यूव्ही परवडतो.

मनस्ताप मशीनचा कमी, सर्व्हिसचा जास्त

घेताना आपण 12,000 की 15,000 यावर घासाघीस करतो, आणि पुढची सात-आठ वर्षं दर वर्षी चार-पाच हजार भरतो. माझ्या मशीनचा अनुभव सांगतो. दुसऱ्या वर्षी लाल दिवा लागला आणि पाणी बंद. फिल्टर तपासून कुणी ठरवलं नव्हतं, आतल्या मोजणीने ठरवलं होतं. तक्रार नोंदवली, तीन दिवस कुणी आलं नाही, घरात पाण्याचे जार. चौथ्या दिवशी मुलगा आला, झाकण उघडलं आणि म्हणाला, "सर, मेम्ब्रेन गेलंय." एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार, होती, पण मेम्ब्रेन त्यात धरलेलं नव्हतं.

मी मीटर काढला. आत जाणारं पाणी 700, बाहेर येणारं 55. म्हणजे 90 टक्क्यांहून जास्त क्षार अजून अडत होते. मेम्ब्रेन ठणठणीत होतं, बदलायचा होता फक्त स्पन आणि कार्बन. मी आकडे दाखवल्यावर त्याने वाद घातला नाही. त्या मुलांना वरून टार्गेट दिलेलं असतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण माझ्या आईसमोर तो तेच बोलला असता, तर तिने निमूट पैसे दिले असते, आणि याचीच मला चीड येते.

म्हणून मशीन घेतल्या दिवशी आतलं आणि बाहेरचं, दोन्ही आकडे झाकणाच्या आत लिहून ठेवा. दर तीन महिन्यांनी मोजा. बाहेरचा आकडा सुरुवातीच्या तिप्पट झाला, आणि आतला फारसा बदललेला नाही, तर मेम्ब्रेन उतरलं म्हणा. काढलेले जुने फिल्टर आपल्याजवळच ठेवून घ्या. घेण्याआधी दुकानात तीन गोष्टी विचारा: एका वर्षात कोणते फिल्टर बदलायचे आणि त्यांची एकूण किंमत किती, एएमसीत मेम्ब्रेन आणि पंप धरलेत का, आणि आतलं हाउसिंग, म्हणजे फिल्टर बसवायचं भांडं, साधं 10 इंची आहे की त्याच कंपनीचे फिल्टर बसतील असं. साधं हाउसिंग असेल तर कोपऱ्यावरचा मिस्त्रीही स्पन बदलून देतो. दिसायला ते मशीन बेढब असतं, मला मात्र तेच आवडतं. कंपनीचा फोन नंबर बिलावरचाच वापरा, इंटरनेटवर शोधलेल्या नंबरांत भामटेही बसलेले असतात. कुणी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

महिन्याच्या भाड्यावर मशीन मिळतं, तोही पर्याय वाईट नाही. वर्ष-दोन वर्षांत घर बदलणाऱ्यांनी तोच घ्यावा, कारण फिल्टर बदलण्याची जबाबदारी सहसा मशीन भाड्याने देणाऱ्याकडेच राहते. करार मात्र नीट वाचा.

शेवटी कोणी काय घेतलं

माझी मावशी दर्यापूर तालुक्यात राहते, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथे जमिनीतलं पाणीच खारट आहे अशा भागात. तिथल्या बोअरच्या पाण्याने मीटरवर 2000 चा आकडा ओलांडला. ती म्हणते, या पाण्याने तहान भागतच नाही. तिच्यासाठी तडजोडीला जागाच नव्हती, पिण्याला आरओ घेतला आणि वापरायला पागोळीचं पाणी साठवायची टाकी. अशा पाण्यावर मेम्ब्रेन लवकर बसतं, म्हणून दर वर्षी त्याचे पैसे ती कापसाच्या चुकाऱ्यातून बाजूला काढते.

आईकडचा आरओ आम्ही काढला, तिथे यूव्ही लावला. पहिले आठ दिवस ती म्हणत होती, पाण्याला चव वेगळी लागते. ती तिच्या लहानपणापासूनच्या नळाचीच चव होती.

माझ्या घरी आरओ चालू आहे, पण सोसायटीला पालिकेची नवी लाइन मिळायची आहे. ती आली की मीटर पुन्हा काढीन. तुम्हीही एकदाच मोजून थांबू नका. एकदा मे महिन्यात टँकर सुरू झाल्यावर आणि एकदा ऑगस्टमध्ये पाणी गढूळ आल्यावर मोजा. दोन्ही वेळा 500 च्या आत असलात, आणि बोअरच्या अहवालात फ्लोराइड-नायट्रेटची अडचण नसेल, तर यूव्ही घ्या. मे महिन्यात वर गेलात तर आरओ, आणि त्यासोबत मोरीत एक बादली.