छातीवरचा पट्टा: आठ महिन्यांनंतर

पहाटे फिरताना मनगटावरच्या घड्याळात ‘फॅट बर्न’, म्हणजे चरबी जळतेय, असं उमटलं की मला उगाचच शाबासकी मिळाल्यासारखं वाटायचं. दीड वर्ष रोज उमटत होतं आणि पोट जागचं हललं नव्हतं. शेवटी साडेचार हजार रुपये घालून छातीला बांधायचा हार्ट रेट पट्टा घेतला. बायको म्हणाली, “अहो, ठोके मोजून पोट कमी झालं असतं तर डॉक्टरांची पोटं सुटली नसती.”

पहिल्याच आठवड्यात तळजईच्या चढावर घड्याळ 118 ठोके दाखवत होतं, पट्टा 139. धाप लागली होती, म्हणजे पट्टाच खरा वाटत होता. मग पावलं मोजली. मिनिटाला बरोबर 118! घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून रक्ताच्या प्रवाहातला चढउतार टिपतं, आणि हात लयीत हलायला लागला की कधीकधी पावलांनाच ठोके समजून बसतं. पट्टा हृदयाचे विद्युत संकेत पकडतो, त्यामुळे ही गफलत होत नाही. स्वस्थ बसलेलो असताना मात्र दोघांचे आकडे जुळतात, एवढं घड्याळाच्या बाजूने सांगायला हवं.

पण खरी गंमत पुढे होती. माझं वय 46. 220 वजा वय या हिशेबाने कमाल ठोके 174 आणि त्याच्या 60 ते 70 टक्क्यांचा टप्पा 104 ते 122. ॲपने ‘फॅट बर्न’साठी हाच धरला होता. या वेगात मी फोनवर भावाशी भांडूसुद्धा शकतो. कार्व्होनेनच्या पद्धतीत मात्र विश्रांतीचे ठोकेही धरतात. माझे तेव्हा 74 होते. 174 मधून 74 गेले, उरले 100, त्याचे 60 ते 70 टक्के काढून पुन्हा 74 मिळवले की 134 ते 144. म्हणजे त्याच माणसाचे तेच टक्के, आणि फरक चक्क 20-30 ठोक्यांचा. त्यात 220चं सूत्रच मुळी सरासरीचं, माणसागणिक दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज होतात.

आणि ‘फॅट बर्न’ या नावाचं काय? हळू चालताना जळणाऱ्या उष्मांकांत चरबीचा वाटा मोठा असतो, हे खरंच. पण समजा अर्ध्या तासात 150 उष्मांक जळले आणि त्यातले 60 टक्के चरबीचे, तर झाले 90. भरभर चालून 260 जळले आणि वाटा 40 टक्क्यांवर आला, तरी 104. शिवाय घरी येऊन चार थालीपिठं हाणली की दोन्ही हिशेब गेले पाण्यात. माझे तेच होत होते.

आता आठवड्यातले चार दिवस 130 ते 140 मध्ये पाऊण तास चालतो, एक दिवस पर्वतीच्या पायऱ्या दमेपर्यंत. रात्रीची एक पोळी कमी केली. वजन 82 वरून 78.5, कंबर अडीच इंच कमी, विश्रांतीचे ठोके 64. यात पोळीचं श्रेय किती आणि पट्ट्याचं किती, हे पट्टा सांगत नाही.

तक्रारी आहेतच. बांधण्याआधी आतली बाजू ओली करावी लागते. हिवाळ्यात विसरलो की पहिली पाच मिनिटं 190 वगैरे काहीही दाखवतो, एकदा घाबरून बाकावर बसलो होतो. रोज धुतला नाही तर पावसाळ्यात असा वास सुटतो की तो कपाटात ठेवायला घरातून बंदी आहे. नाण्याएवढा सेल सहा महिन्यांनी बदलला.

थोरल्या भावाने हौसेने घालून पाहिला. चढावरही त्याचे ठोके शंभरच्या वर जाईनात. त्याला रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू आहे, ती गोळी ठोके कमीच ठेवते. अशांनी हे आकडे धरून पळू नये, आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. भाऊ आता बोलता येईल इतपत दम ठेवून चालतो, म्हणजे बोलतच चालतो.

मंगळवारी आणि गुरुवारी पट्टा बायको नेते. तिचे विश्रांतीचे ठोके 61 निघाले, हे ती पाहुण्यांनाही सांगते.