जांभा, माणगा आणि शेणाचं सारवण: पेडण्यातल्या आमच्या योगकेंद्राचे १४ महिने

एक मे आणि एक अख्खा पावसाळा काढल्याशिवाय यावर लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. आता १४ महिने झालेत. गोव्यातल्या पेडणे तालुक्यात आमचं छोटं योगकेंद्र आहे. वर्गासाठी एक हॉल, पाहुण्यांच्या चार खोल्या आणि स्वयंपाकघर, बस. भिंती जांभ्याच्या, गिलावा चुन्याचा, छपराला माणगा बांबूचे वासे आणि वर मंगळुरी कौलं. हॉलची जमीन शेणाने सारवलेली. 'अशी घरं स्वस्त पडतात, आणि नंतर बघावंही लागत नाही' असं आम्हाला बांधायच्या आधी तिघांनी सांगितलं होतं. तिघंही फ्लॅटमध्ये राहतात.

जांभ्याबद्दल तक्रार नाही. मेच्या दुपारी बाहेर अंगाची लाही होत असताना आत पंख्यावर भागतं. मात्र दिवसभर प्यायलेली ऊब भिंती रात्री नऊ-दहापर्यंत सोडत राहतात. तेव्हा खिडक्या उघड्या टाकाव्या लागतात, आणि उघडी खिडकी म्हणजे डास. सगळ्या खिडक्यांना जाळ्या बसवल्या, तो खर्च अंदाजपत्रकात नव्हता. एका पाहुण्याने 'एसी नाही' म्हणून दोनच तारे दिले. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, आम्ही आधी ठळक सांगायला हवं होतं.

'इतका सुंदर चिरा, त्यावर गिलावा कशाला केलात?' हा प्रश्न दर आठवड्याला येतो. मी सांगते, जुन्या गोव्यात जाऊन बॉम जीझस बॅसिलिका बघून या. १६०५ साली पूर्ण झालेल्या त्या वास्तूचा गिलावा १९५०च्या दशकात उतरवला, आणि तेव्हापासून उघड्या जांभ्याला दर पावसाळा खातोय. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जांभा भोकाभोकांचा, पाणी पिणारा. त्याच्या अंगावर काहीतरी हवंच.

ते 'काहीतरी' चुनाच असावं हे आम्ही मार खाऊन शिकलो. न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीला ठेकेदाराने 'मॅडम, इथे सिमेंटच टिकतं' म्हणत सिमेंटचा गिलावा मारला. ओल आतच कोंडली, लोणा लागला, म्हणजे भिंतीवर क्षार फुटले, आणि डिसेंबरात पोपडे हातात आले. चुन्याच्या भिंती मात्र ओल घेतात आणि ऊन पडलं की सोडून देतात. पण चुन्याला घाई चालत नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश पुन्हा दगड होतो. पहिल्या मेमध्ये नैर्ऋत्येच्या भिंतीचं एक राहिलेलं काम आम्ही महिनाअखेरीस उरकलं. मृगाच्या पहिल्या झडीने ते आठ दिवसांत धुऊन नेलं, ओट्यावर दूध सांडल्यासारखं पाणी. चुन्याचं काम जाणणारा गवंडी पुन्हा मिळायला ऑक्टोबर उजाडला.

आता छप्पर. कौलं एका मोडलेल्या जुन्या घराची घेतली. काही उलटी केली की मंगळुरातल्या कारखान्याचा शिक्का दिसतो. बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या मिशनरी संस्थेने तिथे १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, आणि पुढे कोकण-गोव्याची छपरं लाल झाली. पावसात पत्र्यासारखा ताशा वाजत नाही, प्राणायाम शिकवताना मला ओरडावं लागत नाही. उलट तो आवाज ऐकायला लोक जुलैत येतात. पण माकडं! एक टोळी सकाळी फणसावरून येते आणि जाताना पाच-सात कौलं फोडून जाते. शंभरभर जादा कौलं मागच्या पडवीत रचून ठेवलीत, त्यातली निम्मी संपली. दर मेमध्ये शाकारणी, म्हणजे कौलं काढून पुन्हा नीट बसवणं, करावीच लागते. यंदा मजुरी आणि बदललेल्या रिपा मिळून ४५ हजार गेले.

माणगा हा सिंधुदुर्गात बांधावर लावतात तो बांबू, बिनकाट्याचा आणि बऱ्यापैकी भरीव. वाशाला उत्तम. मात्र बांबूत स्टार्च असतो आणि भुंगा त्याच्यासाठीच येतो, म्हणून बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सच्या पाण्यात तो बुडवून ठेवायचा असतो. आमच्या पुरवठादाराने 'बुडवलाय' असं सांगितलं आणि आम्ही ऐकलं. फेब्रुवारीत शवासन चालू असताना एका ताईंच्या कपाळावर बारीक पिवळी पूड पडली. त्यांना वाटलं भस्म! दुसऱ्या दिवशी मोजले, तर १९ वासे पोखरलेले. त्यातले ११ बदलले, बाकीच्यांच्या भोकांत औषध भरलं. बोरॅक्सचं पाणी पाजलेला बांबूही पावसात उघडा राहिला तर ते औषध धुऊन जातं, त्यामुळे बाहेर उघड्यावरच्या कुंपणाला बांबू वापरणं म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी नवीन कुंपण. आमचं आता मेंदीचं आहे.

सारवलेल्या जमिनीवर माझा सगळ्यात जास्त जीव होता. सावंतवाडीला आजीच्या माजघरात मी त्याच जमिनीवर लोळत मोठी झाले. जानेवारीत पहाटे पायाला फरशीसारखा चटका बसत नाही, गुडघे टेकले तरी मऊ लागतं. पण इथे एका वेळी पंधरा माणसं घामाघूम होऊन सूर्यनमस्कार घालतात. माजघर आणि हॉल यांत फरक आहे, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. महिन्याला एकदा सारवायचं ठरलेलं, प्रत्यक्षात दर दहा दिवसांनी करावं लागलं. सारवायला येणाऱ्या शेजारच्या काकी म्हणाल्या, 'बाय, शेण आता खंय मेळटा?' खरंच, वाड्यात मिळून तीन गुरं उरलीत. जुलैत जमीन सुकेना, चटयांच्या खालच्या बाजूला बुरशी धरली, सहा चटया टाकल्या. ऑगस्टमध्ये हट्ट सोडला आणि हॉलला लाल रंगाची घोटीव जमीन करून घेतली. तीही सिमेंटचीच, हे लपवत नाही. सारवण आता फक्त पुढच्या पडवीत आहे. तिथे संध्याकाळी ध्यानाला पाच-सहा जण बसतात, तेवढ्याला ते छान चालतं.

सांडपाणी केळी आणि कर्दळीच्या वाफ्यात सोडलंय. वास नाही, केळी भरपूर. त्याबद्दल लिहिण्यासारखं एवढंच.

पुन्हा बांधायचं झालं तर हेच साहित्य घेईन का? घेईन, पण पैसे वेगळ्या जागी घालीन. जोतं आणखी फूटभर उंच, नैर्ऋत्येची वळचण चार फूट पुढे. आमची भिंत धुतली गेली ती वळचण आखूड होती म्हणूनही. आणि चुना, कौलं, बांबू जाणणारी तीन माणसं गावातच मिळतात का, हे प्लॅन काढण्याआधी बघीन. आमच्या कौलवाल्या मेस्तांचं वय ६८ आहे आणि त्यांचा मुलगा विमानतळावर नोकरीला आहे.

ती वळचण मार्चमध्ये वाढवतोय. माणगा कुडाळकडून येणार, आणि या वेळी टाकीत बुडलेला स्वतः बघितल्याशिवाय मी पैसे देणार नाही.