कास रोडवरचं टेंट रिसॉर्ट: जेवण झकास, पण डोंगराचं वाटोळं (5 पैकी 2)

नाव मुद्दाम लिहीत नाही, साताऱ्याहून कास पठाराकडं जाताना यवतेश्वरच्या पुढं अशी बरीच झालीत आणि एकट्यालाच झोडपून उपयोग नाही. जेवणाला पूर्ण मार्क. चुलीवरची भाकरी, पिठलं, खर्डा, आणि वाढणारी पोरं जवळच्या वाडीतली, आग्रह करकरून वाढतात. टेंट स्वच्छ, गरम पाणी टायमावर.

पण पार्किंग आणि स्विमिंग पूलसाठी जेसीबी लावून उतार सरळ उभा कापलाय ते बघवत नाही. कापलेल्या कडेशी जाऊन बघा, वर वीतभरसुद्धा माती नाही, खाली सगळा जांभा दगड, आणि त्या पातळ थरातनं कारवीच्या झुडपांची मुळं उघडी लोंबतायत. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या सपाट पठारावर, माती असतीच तेवढी ओ, आणि तेवढ्यावर कासची 850 च्या वर जातींची फुलझाडं जगतात, म्हणून तर 2012 ला पश्चिम घाटाबरोबर कासचं नाव युनेस्कोच्या यादीत गेलं. हा थर एकदा खरवडला की बाहेरनं लाल माती आणून लॉन केलं तरी ती झाडं परत येत नाहीत. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, तिथं जेसीबी फिरला की पुढचं बी कुठनं पडणार?

दुसरं म्हणजे लाईट. चारी बाजूला हॅलोजन, पहाटेपर्यंत चालू. सकाळी खांबाखाली पतंग आणि बारक्या किड्यांचा खच पडलेला, झाडूवाल्या मावशी सुपलीनं भरून टाकत होत्या. सड्याच्या मातीत कस नसतो म्हणून सीतेची आसवं, दवबिंदू असली झाडं किडे खाऊन जगतात आणि बाकीच्या बऱ्याच झाडांना बी धरायला किडेच लागतात, मग रोज रात्री एवढे मारून कसं चालंल? वर रात्री उशिरापर्यंत डीजे, ज्या रानात गवे फिरतात तिथं. शेकोटीची लाकडं कुठली विचारलं तर मागच्या रानातली म्हणाले. सांडपाण्याचा पाईप सरळ ओढ्याकडं सोडलाय, ह्याचा मला सगळ्यात जास्त राग आला, कारण खाली वाडीतली माणसं आणि जनावरं त्याच ओढ्यावर आहेत.

मॅनेजर नीट बोलले, म्हणाले साहेब गिऱ्हाईकच पूल आणि डीजे मागतं. ते खोटं नाही, आपण सातारकरसुद्धा बुकिंग करताना आधी पूलचेच फोटो बघतो.

कासला जाणाऱ्यांनी शक्यतो वाडीतल्या घरगुती होमस्टेला रहा, पठाराचं बुकिंग आधी करा, शनिवार-रविवार टाळा आणि फुलात बसून फोटो काढू नका, बी धरायच्या आधी झाड तुडवलं की पुढच्या वर्षी तिथं नुसता जांभा दिसतो. रिसॉर्टवाल्यांनी रात्री दहाला हॅलोजन आणि डीजे बंद केला, सांडपाण्याला शोषखड्डा केला आणि उरलेला उतार आहे तसा ठेवला तर रेटिंग मी स्वतः येऊन वाढवीन.