फायनल टेबलवरची वाटणी: फ्लोअरला सांगून की आपसात?

पोकरच्या टूर्नामेंटमध्ये तीन-चार जण उरले, पहाटेचे तीन वाजले आणि सरासरी स्टॅक, म्हणजे प्रत्येकापुढच्या चिप्स, दहा-बारा बिग ब्लाइंडवर (सक्तीच्या मोठ्या बोलीच्या दहा-बारा पटीवर) आला की टेबलवर कोणीतरी हळूच विचारतं, "बघायची का डील?" म्हणजे उरलेली बक्षिसं शेवटपर्यंत न खेळता समजुतीने वाटून घ्यायची का. त्यापुढचा प्रश्न मात्र फारसं कोणी विचारत नाही. ही डील फ्लोअरला, म्हणजे टूर्नामेंटवर देखरेख करणाऱ्या कॅसिनोच्या माणसाला, बोलावून, कागदावर घेऊन करायची, की कॅसिनोच्या बोटीच्या डेकवर सिगारेट ओढता ओढता तोंडी ठरवून टाकायची? मी दोन्ही केलंय. गोव्याला अधूनमधून जाऊन खेळणाऱ्या आणि कधी ना कधी फायनल टेबलला पोचणाऱ्यांसाठी हे लिहितोय. आयसीएम म्हणजे चिप्सवरून प्रत्येकाला सरासरी किती बक्षीस मिळेल ते काढणारं गणित, एवढंच सांगतो; त्यापुढे समजावत बसत नाही.

डीलच न करता खेळत राहायचं, हा पर्याय आधी बाजूला ठेवतो. स्टॅक खोल असतील, समोरच्यांपेक्षा आपण बरे खेळतो असा प्रामाणिक अंदाज असेल, तर खेळा. पण आपल्याकडच्या वीकेंड टूर्नामेंटच्या शेवटी जे चालतं ते बहुतेक वेळा शोव्ह आणि कॉल एवढंच असतं: एकाने सगळ्या चिप्स पुढे ढकलायच्या, दुसऱ्याने तेवढ्या लावायच्या. त्यात कौशल्य किती आणि पत्त्यांचं नशीब किती, याबद्दल वाद घालायची माझी तयारी नाही.

आता गणित. खासगी डीलमध्ये बहुतेकदा चिप चॉप होतो, कारण तो मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर जमतो: तिसरं बक्षीस प्रत्येकाला, उरलेली रक्कम चिप्सच्या प्रमाणात. फ्लोअर सहसा आयसीएमचे आकडे काढून आणतो. समजा बक्षिसं १०, ६ आणि ४ लाखांची आहेत आणि चिप्स ५०, ३०, २० टक्के अशा आहेत. चिप चॉपने ८ लाख, ६.४० लाख आणि ५.६० लाख होतात. आयसीएमने साधारण ७.६८, ६.५५ आणि ५.७७. म्हणजे चिप लीडरला चिप चॉपमध्ये ३२ हजार जास्त, आणि ते बाकी दोघांच्या खिशातून. इथवर ठीक, मैत्रीखात्यात सोडून देता येतं. पण चिप्स ८०, १०, १० अशा झाल्या की चिप चॉप लीडरला १०.४० लाख देतो. पहिलं बक्षीसच १० लाखांचं आहे! टूर्नामेंट जिंकूनही त्याला एवढे मिळाले नसते. आयसीएम त्याच जागी ९.१६ लाखांच्या आसपास थांबतो. पहाटे तीनला, दोन बिअर झाल्यावर, हे कमी चिप्सवाल्याच्या लक्षात येतंच असं नाही. आणि लीडर ते आपणहून सांगेल, ही अपेक्षा मी करत नाही.

आयसीएम म्हणजे काही वेदवाक्य नव्हे. त्यामागचं सूत्र मुळात घोड्यांच्या शर्यतीसाठी होतं. हार्व्हिल या संख्याशास्त्रज्ञाने ते १९७३ मध्ये मांडलं, पुढे पोकरवर लिहिणाऱ्या मेसन माल्मथने पोकरला लावलं. बटन, म्हणजे शेवटी बोलायची फायद्याची जागा, कुणाकडे आहे, पुढचा ब्लाइंड कुणावर येणार, टेबलवर कोण कच्चा आहे, यातलं काही त्याला दिसत नाही. त्यामुळे चांगला खेळाडू त्यावर थोडं जास्त मागतो आणि ते मला गैर वाटत नाही. फरक एवढाच की फ्लोअरने छापून आणलेला कागद समोर असला की घासाघीस त्या आकड्यापासून सुरू होते. डेकवर ती ज्याचा आवाज मोठा त्याच्या आकड्यापासून सुरू होते.

मोठ्या स्पर्धांमध्येही हे दोन संप्रदाय आहेत. युरोपियन पोकर टूरवर डील उघडपणे होते. घड्याळ थांबवतात, आकडे काढतात, सगळ्यांना मान्य असेल तर करतात, आणि बहुतेक वेळा थोडी रक्कम ट्रॉफीबरोबर खेळायला मागे ठेवतात. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये आयोजक डीलमध्ये पडत नाहीत. तक्त्यात जे छापलंय तेच पैसे देतात. खेळाडूंनी नंतर आपसात काय केलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. वेगासला होणाऱ्या या सिरीजच्या निकालात कुणाच्या नावापुढे मोठा आकडा दिसला की तो सगळा त्याच्याच घरी गेला असेल, असं मी तरी धरत नाही. स्टेकिंग (दुसऱ्याने फी भरून घेतलेला हिस्सा) आणि स्वॅप (खेळाडूंनी आपसात बदललेले हिस्से) तर वेगळेच.

उघड डील किती स्वच्छ असू शकते याचं सगळ्यात मोठं उदाहरण २०१९ चं, लंडनच्या ट्रायटन मिलियन या स्पर्धेचं. प्रवेश फी साडेदहा लाख पौंड, खेळाडू ५४. शेवटी ब्रिन केनी आणि एरन झँग उरले आणि दोघांनी डील केली. चिप्स केनीकडे जास्त होत्या. पुढे खेळात झँग जिंकला. ट्रॉफी झँगला मिळाली आणि १ कोटी ३७ लाखांहून अधिक पौंडही. दुसऱ्या आलेल्या केनीला मात्र १ कोटी ६८ लाखांच्या वर पौंड. दुसरा येऊन पहिल्यापेक्षा तीस लाख पौंड जास्त! बाहेरच्याला हे विचित्र वाटेल, पण आकडे जाहीर होते, त्यामुळे कोण कुणाचं किती देणं लागतो हा प्रश्नच उरला नाही.

तोंडी शब्दाचं उदाहरण २००६ चं. जेमी गोल्डने ८,७७३ जणांतून वर्ल्ड सिरीजचा मेन इव्हेंट, म्हणजे मुख्य स्पर्धा, जिंकला, बक्षीस १ कोटी २० लाख डॉलर. क्रिस्पिन लेझर नावाच्या गृहस्थाने दावा लावला की निम्मी रक्कम मला द्यायचं ठरलं होतं. कोर्टाने निम्मे पैसे अडकवून ठेवले. पुढच्या वर्षी तडजोड झाली. ही फायनल टेबलची डील नव्हती, आधीचं आपसातलं ठरणं होतं, पण जात तीच. त्यात पुरावा म्हणून गोल्डचा एक व्हॉइसमेल होता आणि त्यात कर भरल्यावर उरणाऱ्या रकमेच्या निम्म्याची गोष्ट होती. करानंतर. माझं सगळं दुखणं याच शब्दापाशी आहे.

माझ्यापुरतं पारडं झुकलं ते टीडीएसमुळे. पणजीला हेड्स-अप, म्हणजे शेवटचे दोघेच, उरलो होतो, समोर बेळगावकडचा एक भला माणूस. सोयीसाठी रकमा गोल करून सांगतो: पहिलं १० लाख, दुसरं ६ लाख. चिप्स जवळजवळ सारख्या. "निम्मे निम्मे, दादा," तो म्हणाला. मी हो म्हटलं. फ्लोअरला बोलवायचा कंटाळा दोघांनाही. पाच मिनिटांत खेळ संपला, मी पहिला आलो.

काउंटरवर माझ्या पॅनवर १० लाखांचं बक्षीस लागलं, ३ लाख टीडीएस कापला गेला, खात्यात येणार ७. त्याच्या ६ लाखांतून १ लाख ८० हजार गेले, त्याला ४ लाख २० हजार. आता निम्मे निम्मे म्हणजे काय? तो म्हणाला, १० आणि ६ मिळून १६, प्रत्येकी ८, म्हणून तुम्ही मला २ लाख द्यायचे. तसे दिले तर माझ्या हातात ५ लाख उरतात आणि त्याच्या हातात ६ लाख २० हजार. मी म्हटलं, त्या २ लाखांवरचा कर माझ्या नावावर कापला गेलाय, तेव्हा १ लाख ४० हजार. म्हणजे दोघांना ५ लाख ६० हजार. "ठरवताना कराचं कुठं बोललो होतो आपण?" हा त्याचा प्रश्न. आणि खरंच, बोललो नव्हतो. तो चुकीचा नव्हता, मीही नव्हतो. बोटीतून जेट्टीवर येईपर्यंत आणि नंतर चहाच्या टपरीवरही हेच चाललं होतं. शेवटी त्याने माझं मान्य केलं, पण चेहऱ्यावरून कळत होतं की आपण गंडलो असं त्याला वाटतंय.

बरं, एवढ्यावर भागत नाही. ३० टक्के हा मूळ दर, त्यावर ४ टक्के सेस विवरणपत्र भरताना येतो, तोही पूर्ण १० लाखांच्या करावर, माझ्याच नावावर. अशा उत्पन्नातून खर्चाची वजावट मिळत नाही. प्रवेश फी नाही, विमानाचं तिकीट नाही, मागच्या टूर्नामेंटमध्ये घालवलेले नाहीत आणि दुसऱ्याला दिलेला हिस्साही नाही. उलट त्याच्या खात्यात माझ्याकडून आलेले १ लाख ४० हजार कशाचे, असं कोणी विचारलं तर तो काय सांगणार? नातेवाईक नसलेल्याकडून वर्षात ५० हजारांच्या वर मोबदल्याशिवाय आलेली रक्कम त्याच्या उत्पन्नात धरली जाऊ शकते. एकाच पैशावर दोनदा कर. माझे सीए म्हणतात की टीडीएसचं क्रेडिट दुसऱ्याच्या नावावर नेण्यासाठी कर कापणाऱ्याकडे घोषणापत्र देण्याची तरतूद आहे. असेल. पण पहाटे काउंटरवरच्या मुलाला ती समजावून सांगण्याची उमेद माझ्यात नाही. अमेरिकेत यासाठी फॉर्म ५७५४ म्हणून एक साधा कागद असतो. जिंकलेल्या पैशात कोणाकोणाचा वाटा ते त्यावर लिहून द्यायचं, की ज्याच्या त्याच्या नावाने दाखला निघतो.

हेच फ्लोअरला बोलावून केलं असतं तर? दोघांच्या नावावर ८-८ लाख, दोघांचा २ लाख ४० हजार टीडीएस, दोघांच्या २६एएसमध्ये (कापलेल्या कराच्या विवरणात) सारखी नोंद, दोघांना ५ लाख ६० हजार. बोटीत गप्पा मारल्या असत्या.

याशिवाय अधिकृत डीलच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे, जी छोट्या टेबलवर कमी आणि मोठ्यांवर जास्त लागू पडते. गुपचूप ठरलं की पुढचा खेळ खोटा होतो. पत्ते न बघता ऑल-इन (सगळ्या चिप्स लावणं), नको तिथे फोल्ड (पत्ते टाकून देणं), आणि बघणाऱ्याला ते चिप्स फेकल्यासारखं दिसतं. २०२५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये मिलियनेअर मेकर या स्पर्धेत हेच झालं. शेवटच्या दोघांपैकी एकाला, जिंकल्यास, बाहेरच्या एका कंपनीचा १० लाख डॉलरचा बोनस होता. खूप मागे पडलेला तो खेळाडू ज्या तऱ्हेने वर आला त्यावरून संगनमताचे आरोप झाले. आयोजकांनी चौकशी करून विजेता कोणालाच मानलं नाही, विजेत्याचं ब्रेसलेट दिलं नाही आणि उरलेली रक्कम दोघांत वाटली. दोघांमध्ये खरंच काय ठरलं होतं ते ते दोघे जाणोत. पण डील जाहीर करायची सोय जिथे नसते तिथे असा संशय येणारच.

कायद्याबद्दल मी वकील नाही. एवढं माहीत आहे की १८७२ च्या करार कायद्यानुसार पैजेचा करार निरर्थक ठरतो, आणि जुन्या मुंबई इलाख्यात तर १८६५ च्या कायद्याने पैजेला पूरक असे करारही त्यात ओढले. पोकर पैज आहे की कौशल्य, यावर न्यायालयांची मतं एकसारखी नाहीत. पण दोन लाखांसाठी त्या वादात उडी घेऊन आपला तोंडी शब्द वसूल करायला कोण जाणार?

खासगी डीलच्या बाजूनेही बोललं पाहिजे. ती झटपट होते. फ्लोअर सगळ्यांचा होकार मागतो, आणि चारातला एक अडला की संपलं. आपसात मात्र दोघे-तिघे एकमेकांत ठरवू शकतात. निकालात मोठा आकडा छापून यायला नको, घरी नंतर सावकाश सांगू, अशी अडचणही काहींची असते, तिची मी थट्टा करणार नाही. आणि काही ठिकाणी आयोजक अधिकृत डील करतच नाहीत. ऑनलाइनवर डीलचं बटन दाबलं की आकडे समोर यायचे, ती सवय पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावरच्या २०२५ च्या बंदीनंतर आपल्यापुरती संपलीच.

एक खासगी प्रकार मी अजूनही करतो: टूर्नामेंटच्या आधी मित्राशी पाच टक्क्यांचा स्वॅप. रक्कम छोटी, माणूस ओळखीचा, आणि व्हॉट्सअॅपवर एक ओळ लिहिलेली: टीडीएस आणि सेस वजा करून जे हातात येईल त्याचे पाच टक्के. मित्रही खेळणारा असल्यामुळे कधी तो देतो, कधी मी.

फायनल टेबलला मात्र, अनोळखी लोक आणि मोठी रक्कम असताना, मी हल्ली फ्लोअरकडेच झुकतो. आयसीएमचा कागद घेऊन लीडरला वीस-तीस हजार वर द्यावे लागले तरी चालतं. तुमचं गणित वेगळं असू शकतं, विशेषतः रक्कम एवढी लहान असेल की टीडीएस लागतच नाही, म्हणजे १० हजारांच्या आत, तर बाहेर जाऊन हात मिळवा आणि झोपायला जा. त्याच्या वर असेल तर नोंदणी करतानाच काउंटरवर विचारून घ्या की डील झाली तर पेमेंट ज्याच्या त्याच्या नावाने, बदललेल्या रकमेवर करता का. शेवटी तीन जण उरल्यावर हे विचारलं की कधी फ्लोअर मॅनेजर जेवायला गेलेला असतो, कधी "सरांना विचारून सांगतो" असं उत्तर येतं. आणि उत्तर नाही असं आलं, तर मी डील न करता खेळतो.