नवा लॅपटॉप घ्यायच्या आधी जुन्यात एसएसडी टाकून बघा

ताईच्या लॅपटॉपमध्ये ५४०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ५४०० फेऱ्या मारणारी हार्डडिस्क होती. टास्क मॅनेजर उघडला की प्रोसेसर निवांत, रॅम अर्धी रिकामी आणि डिस्क मात्र १००% वर अडकलेली, एक साधी एक्सेल उघडायची तर जीव जायचा. नवा घेऊया म्हणत होती, मी तिला मुंबईतल्या कॉम्प्युटर बाजारात, लॅमिंग्टन रोडला घेऊन गेलो आणि ४८० जीबीची साधी २.५ इंची साटा एसएसडी घेतली, म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी, हार्डडिस्कच्याच साटा जोडणीत बसणारी डिस्क. दुकानदाराने काउंटरवरच मागचे स्क्रू काढले, जुनी डिस्क नवीवर क्लोन करून दिली, त्यामुळे विंडोज परत टाका, टॅली परत टाका ही कटकटच नाही, डेस्कटॉपवरचा पसारासुद्धा जसाच्या तसा आला.

फरक? जमीन अस्मानाचा. आणि तो नुसत्या कॉपी स्पीडचा नाहीये. हार्डडिस्कच्या तबकडीला एक फेरी मारायला साधारण ११ मिलिसेकंद लागतात, त्यात हेड इकडून तिकडे सरकणार, आणि विंडोज चालू होताना अशा हजारो बारक्या फायली विखुरलेल्या जागांवरून उचलत असतं, दर वेळी तेवढं थांबायचं. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, तिथे हेच काम ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास होतं. शिवाय ताई रोज विरार लोकलने जाते, चालू हार्डडिस्कला धक्का बसला तर हेड तबकडीला घासू शकतं, ते टेन्शन गेलं.

कोणी एनव्हीएमईच (साटापेक्षा वेगवान प्रकारची एसएसडी) घ्या म्हणून मागे लागलं तर आधी आपल्या मशीनला तो स्लॉट आहे का ते बघा. नुसतं साटा असेल तर वेगाला सेकंदाला ५५० एमबीच्या आसपासच मर्यादा येते, आणि जुन्या मशीनला तेवढं भरपूर झालं.

हार्डडिस्क फेकू मात्र नका हां! लग्नाचे व्हिडिओ, फोटो असला ढीगभर डेटा ठेवायला टीबीमागे तीच स्वस्त पडते, आम्ही जुनी डिस्क यूएसबी केसमध्ये घालून बॅकअपला ठेवलीय. बॅकअप हवाच, कारण हार्डडिस्क बऱ्याचदा मरायच्या आधी कटकट आवाज करून सांगते तरी, एसएसडी काही न सांगता बंद पडू शकते, आणि ट्रिम (डिलीट केलेल्या फाइलची जागा एसएसडीला साफ करायला सांगणारी सोय) चालू असेल तर डिलीट झालेली फाइल परत मिळणं जवळपास अशक्य. बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या, वॉरंटीला तोच लागतो.